लोखंडी खाट

रुखमा तशी कोणाला भिणारी बाई नव्हती. धानाच्या बांधीत रानडुक्कर शिरलं तर काठी घेऊन मागे धावायची, आणि भांडणात उभ्या गावाला पुरून उरायची. पण अहेरीकडच्या त्या दवाखान्याची पायरी चढली की तिच्या तोंडाला कुलूप लागे. गडचिरोली जिल्हा नवा नवा झाला, त्या साली तिची सासू तिथेच वारली. जीव जाताना माणसाला खाली भुईवर घ्यायचं, खाटेवर मरू द्यायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. म्हातारी "मले खाली घ्या" म्हणून विनवत राहिली. वॉर्डातली कांता आया वसकन ओरडली, "खाटेवरून हलवाचं नाई!" म्हातारी लोखंडी खाटेवरच गेली.

आता रुखमाचा नवरा दसरू त्याच वॉर्डात पोट फुगून पडला होता. त्याचं काही खरं नव्हतं, हे तिला कळत होतं.

त्यात सकाळी नवे डॉक्टर आले. वॉर्डात बसलेल्यांपैकी ज्यांचं माणूस याआधी इथे वारलं होतं, त्यांना ते विचारत फिरत होते. शेवटी रोग्याचे हाल झाले का? तुमच्याशी कोणी धड बोललं का? हेतू चांगला, पण विचारायची तऱ्हा बघा, शेजारी कांता आया उभी! साऱ्यांनी 'बेस होतं' म्हणून मान हलवली. रुखमाला धडकी भरली. खरं सांगितलं आणि कांतानं दसरूवर राग काढला तर?

"सासूचं बेस झालं, डाक्टरसाहेब."

"कसं ठेवलं होतं त्यांना?"

"खाटेवरच, साहेब," कांता मधेच बोलली. "अजिबात हलू नाई देल्लं."

डॉक्टर खूश झाले. "मग यांनाही तसंच ठेवा. काही झालं तरी खाली घ्यायचं नाही."

आपल्याच जिभेनं रुखमाने नवऱ्याला त्या खाटेला बांधलं होतं. आणि आता 'खाली घ्या' म्हणावं, तर तुम्ही मरणार हे त्याच्या तोंडावर सांगितल्यासारखं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग ओढून काढला.

"खोटं बोलली मी, साहेब. सासू रडत रडत गेली ह्या खाटेवर. यायले... यायले खाली घ्या."

कांताने डोळे वटारले. दसरूने डोळे उघडले. आता हा हाय खाणार, असं रुखमाला वाटलं.

"मले कईपासून खाली याचं होतं, रुखमे," तो म्हणाला. "तू भेशील म्हणून गप होतो."