खंडेनवमीचा बॅकअप

मी माफ करणाऱ्यांतली नाही, हे आधीच सांगून टाकते. सावलीकडच्या आमच्या गावात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झालेली भांडणं नातवंडांपर्यंत पोचतात. मी त्याच गावची.

चंद्रपुरात एका खासगी इंटरनेट कंपनीत मी नेटवर्क सांभाळायचे. सावली, धानोरा आणि मधल्या गावांत आमचे टॉवर होते. टॉवरवरच्या बिनतारी डब्यांना हुकूम देणारा सर्व्हर मात्र एकच, आमच्या ऑफिसात. तो बंद असला की कोणालाही नव्याने नेटवर येता येत नसे.

आमचे साहेब भारी भाविक. खंडेनवमीला त्यांनी सर्व्हर बंद करायला लावला आणि हळद-कुंकू, झेंडू, नारळ अशी यथासांग पूजा मांडली.

"साहेब, लोकांचं नेट जाईल," मी म्हटलं.

"पोळ्याले बैलाच्या खांद्यावर जू ठेवतेत का, बाई? एक दिवस आराम करू द्या त्याले."

पूजा झाली आणि ते खोलीला कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून जेवायला घरी गेले ते गेलेच.

दुपारी धानोऱ्याच्या नेटकॅफेवाल्या भाऊंचा फोन आला. "बाई, नेट काऊन नाई? भरतीच्या फॉर्मची आज आखरी तारीख हाय. पोट्टे रडून राह्यले इथी." मी साहेबांना फोनवर फोन केले. त्यांनी उचलला नाही. मी कुलपासमोर उभी होते आणि आत सर्व्हर झेंडूचा हार घालून झोपला होता. ती मुलं सकाळच्या गाडीने जंगलातल्या गावांतून आली होती, तशीच परत गेली.

तक्रार नागपूरला मोठ्या साहेबांकडे पोचली. चार दिवसांत माझ्या हातात साहेबांच्या सहीचा मेमो पडला : साफसफाई करताना यांचा धक्का लागून सर्व्हर बंद पडला. पूजेचा उल्लेखच नाही. चोराच्या उलट्या बोंबा! त्या दिवाळीत मी पक्की होणार होते. मेमोमुळे कंत्राटावरच राहिले. मी खुलासा लिहिला, तो साहेबांच्याच टेबलावर अडकला. "बाईमाणसाच्या हाती मशीन दिली का असंच होते," असं ते चहा पिता पिता म्हणाले, मला ऐकू येईल अशा बेताने.

मी साहेबांवर दात धरला. रडले नाही, भांडले नाही. नागपूरला अर्ज केला की दुसरा सर्व्हर तयार ठेवावा, पहिला पडला तर तो काम उचलेल. मोठ्या साहेबांनी मंजुरी दिली. आमचे साहेब हसले. "करा, तुमाले काम नाई त् करा."

स्टोअरमधला एक जुना कॉम्प्युटर मी पुसून उभा केला. सगळी माहिती दर तासाला त्याच्यात उतरेल अशी व्यवस्था केली. दोघं एकमेकांना सारखे विचारत राहणार, जिवंत आहेस ना? तीनदा उत्तर आलं नाही की दुसऱ्याने कारभार हाती घ्यायचा आणि मोठ्या साहेबांना व मला मेसेज धाडायचा. फक्त तो ऑफिसात ठेवला नाही. तिथे ठेवला असता तर खंडेनवमीला त्यालाही कुंकू लागलं असतं आणि त्याचीही झोप झाली असती. मी तो सावलीच्या टॉवरखालच्या खोलीत नेला.

पुढच्या खंडेनवमीला सुट्टी टाकून मी सकाळीच सावलीला पोचले. तिथले म्हातारे चौकीदार भाऊ फुलं घेऊन तयारच होते.

"भाऊ, फुलं वाहा. पण बंद करू नका."

"चालत्या मशीनची पूजा केली त् पाप नाई लागन?"

"लागलं त् माह्या माथी."

सव्वा दहाला मेसेज आला : मुख्य सर्व्हर बंद, बॅकअप सुरू. पडद्यावर धानोरा हिरवाच होता. कोणाचंही नेट गेलं नव्हतं. खरं सांगते, क्षणभर मला वाईट वाटलं. तक्रारच नाही, तर साहेबांना पकडणार कोण? त्यांचं पाप झाकायला मीच पांघरूण विणलं होतं.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला. "बंद कसा पडला?"

"मी सावलीत आहे, सर. बॅकअपपाशी. चंद्रपूरचं साहेबांनाच विचारा."

त्यांनी मला लाइनवर ठेवूनच साहेबांना फोन जोडला आणि तोच प्रश्न विचारला. मागे आरतीची घंटा ऐकू येत होती.

"काय सांगू, सर," साहेबांचा आवाज मधासारखा. "बाईंचा पुन्हा धक्का लागला. आता समोर उभ्या राहून रडताहेत."

"बाई सावलीत आहेत," मोठे साहेब म्हणाले. "आणि या फोनवरही आहेत."

घंटा थांबली. ती शांतता मी वर्षभर वाट पाहून मिळवली होती आणि पोटभर ऐकली.

संध्याकाळी मेमो रद्द झाल्याचा मेल आला. दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पानं घेऊन साहेब माझ्या दारात आले.

"सोनं घ्या, बाई. झालं गेलं इसरून जा."

"धानोऱ्याले नेऊन द्या," मी म्हटलं. "तुमच्या पूजेपायी ज्यायचे फॉर्म राह्यले, त्या पोट्ट्यांले. त्यायनं घेतलं त् मी बी घेईन."

त्यांचा हात पुढेच राहिला. दसऱ्याचं सोनं नाकारू नये म्हणतात. मी दार लावून घेतलं.