ढोलकीवाल्या आबांची पसंती

तमाम जळगावकरांना कळवण्यास अत्यंत गंभीर आनंद होतो, की वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी इलेक्ट्रिक गिटारचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प घ्यायला निघालो. बायकोची एकच अट होती: सरावाचा आवाज खोलीबाहेर आला, तर गिटार विकायची.

दुकानात एक आबा ढोलकीचं चामडं बदलून घ्यायला आले होते. ते कोण, कुठले, मला आजही माहीत नाही. पण दुकानदाराने दोन अ‍ॅम्प मांडताच आबा परीक्षक झाले. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा त्यांनी मोठ्या अ‍ॅम्पवर तळहात ठेवला.

"हाऊ ल्या भाऊ. आवाज छातीमा धडकाले पाहिजे!"

मी वाजवलं. आबांनी हात काढून घेतला आणि आपलं उपरणं हळूच ढोलकीवर पांघरलं.

मग दुकानदाराने स्वस्तातला धाकटा अ‍ॅम्प पुढे करून माझ्या कानांवर हेडफोन चढवला. आता फक्त मलाच ऐकू येत होतं. मी डोळे मिटून, मान डोलवत, जीव ओतून वाजवलं. डोळे उघडले तर आबा माझ्या मानेच्या तालावर मांडीवर थाप देत होते. ते इतक्या मोठ्यांदा ओरडले, की हेडफोनमधूनही ऐकू आलं:

"हाऊच ल्या भाऊ! आते कितलं गोड वाजी ऱ्हायनं!"