देवजीचं 'एशन'

देवजी कुड्याच्या पाड्याचा भातशेती करणारा माणूस. पण ऐन विशीत दोन वर्षं तो आसनगाव स्टेशनावर पाणी भरायला होता, आणि तिथेच त्याला इंग्रजी बाधलं.

स्टेशनमास्तर गुप्त्यांच्या दारावर 'स्टेशन मास्तर' अशी इंग्रजी पितळी पाटी होती. ती चिंचेने घासायचं काम देवजीचं. घासता घासता अक्षरं त्याच्या बोटांना पाठ झाली. मास्तर एकदा खुशीत होते. म्हणाले, "हे बघ, आधी एस-टी. मग ए-टी-आय-ओ-एन, म्हणजे 'एशन'. या शेपटाचे शब्द इंग्रजीत पोत्याने आहेत."

"आनखी कुठलं, मास्तर?"

गाडी नसली की मास्तर एकेक सांगायचे. फाउंडेशन म्हणजे पाया. रिलेशन म्हणजे नातं. डोनेशन म्हणजे दान. एकदा स्वतःच हैराण होऊन बसले होते, तेव्हा कॉन्स्टिपेशनही सांगितलं.

बाप वारल्यावर देवजी घरी परतला तो ही शिदोरी घेऊन. बांध खचला की तो म्हणे, "फाउंडेशन गेलं." मेव्हणा दारात दिसला की बायकोला हाक मारी, "भागीरथी, रिलेशन आलं गो!" बैलाचं पोट फुगलं की त्याचं कॉन्स्टिपेशन होई. भागीरथी कपाळाला हात लावी, पण पाड्याला मात्र आपल्यातला एक जण इंग्रजी जाणतो याचा मोठा आधार वाटे.

मग लढाई सुरू झाली आणि साखर, रॉकेल दिसेनासं झालं. मुरबाडला एका दुकानावर नवी पाटी लागली. देवजी ती बघून भर रस्त्यात ओरडला, "स्टेशनातला एस-टी काढला, आर लावला! झालं रेशन!" त्याच्या आयुष्यातला हा पहिला शब्द, जो त्याने कुणी न सांगता वाचला.

त्याच हिवाळ्यात, म्हसा गावची जत्रा संपल्यावर, पाड्याच्या चावडीवर एक शिपाई कागद डकवून निघून गेला. कागद सगळा इंग्रजीत. खाली तेवढं शाईने मराठीत लिहिलेलं: मंगळवारी, चावडीवर. पोलीसपाटील जयरामने देवजीला बोलावलं. देवजीने कागदाच्या डोक्यावरचा मोठा शब्द न्याहाळला. सुरुवातीची अक्षरं काही ओळखीची वाटेनात. पण शेपूट! ए-टी-आय-ओ-एन.

"रेशन हाय," तो म्हणाला.

"पन ह्यो शब्द तर लय लांब दिसतोय," जयराम म्हणाला.

"लांब हाय म्हंजे माल जास्ती. डोकं वेगळं, शेपूट तेच. शेपटावरनं जनावर वळखत नाय का आपन?"

"शेपटावरनं बैल का गाय ते कळतं होय?" भागीरथी मागून म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मंगळवारी देवी टोचणारे पाठारे डॉक्टर आपली पेटी घेऊन आले आणि पाड्याच्या तोंडाशीच थबकले. आजवर ते येणार म्हटलं की गावं ओस पडत. बायका पोरं काखोटीला मारून रानात पळत. इथे चावडीपासून चिंचेपर्यंत रांग लागली होती. हातात पिशव्या, रिकाम्या बाटल्या. डॉक्टरांचे डोळे भरून आले. ते आत जाऊन बसले.

रांगेत पहिली सकुबाई. पाड्यावरची सगळ्यात भांडकुदळ बाई, पहाटेपासून जागा धरून बसलेली.

"मानशी किती हाय?" तिने विचारलं.

"प्रत्येकी दोन," डॉक्टर म्हणाले.

"ल्हान पोरानला बी?"

"त्यांना तर आधी!"

सकुबाईने आनंदाने बाटली पुढे केली. डॉक्टरांनी बाटली बाजूला ठेवून दंड धरला. पुढचं इतक्या झटक्यात झालं की तिला बोंब मारायचंही सुचलं नाही.

ती मागच्या दाराने बाहेर आली, तेव्हा रांगेतला धाऊ मान लांब करून ओरडला, "मावशे, मिळालं का?"

सकुबाईने क्षणभर विचार केला. मग लुगड्याचा पदर दंडावर ओढून घेतला. आपल्या एकटीनेच का म्हणून सोसायचं?

"मिळालं तर," ती म्हणाली. "चांगलं मिळालं. जा, संपंल न्हायतर."

धाऊ आत गेला. बाहेर आल्यावर त्यानेही तेच सांगितलं. दुपार टळेपर्यंत अख्खा पाडा मागच्या दाराने निघून पुढच्या माणसाला "जा, चांगलं हाय" म्हणत उभा राहिला. देवजी मान ताठ करून रांग लावत होता. एवढे लोक निघाले तरी कुणाच्या बाटलीत थेंब कसा नाही, हे त्याच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला, आणि तोवर दोन्ही दारं पाड्याने अडवली होती. धाऊने त्याला उचलूनच डॉक्टरांसमोर बसवलं.

"ह्यांना जरा जास्ती द्या," भागीरथी म्हणाली.

"साहेब," देवजीने रडवेल्या आवाजात विचारलं, "ह्या शब्दाचा अर्थ काय हो?"

"व्हॅक्सिनेशन. देवीची लस टोचणं."

पुढे आठ दिवस पाड्याचे दंड सुजले आणि देवजीशी कुणी बोललं नाही. चैत्रात नदीपलीकडे देवीची साथ आली. तिकडची तीन पोरं गेली. पाड्यावर कुणाच्या अंगावर फोड उठला नाही. आभार मानायला कुणी आलं नाही, पण सकुबाईने एक दुध्या भोपळा देवजीच्या ओट्यावर आणून आपटला.

पावसाळा सरल्यावर डॉक्टर पुन्हा आले. पलीकडच्या गावांत देवजीने सोबत चलावं, अशी त्यांची इच्छा होती. देवजी गेला, आणि यावेळी त्याने शब्दाचा अर्थ खरा खरा सांगितला. घटकाभरात गावात एक म्हातारा आणि कुत्री उरली.

दुसऱ्या गावाला निघताना सकुबाई वाटेत आडवी आली. ते तिचं माहेर होतं.

"तुमी दोगं गप बसा," ती म्हणाली. "माज्या भावाची पोरं हायत तिथं. मी बगते." आणि पदर खोचून, हातात रिकामी बाटली घेऊन ती त्यांच्या पुढे चालू लागली.