स्पेलिंगची तब्येत

नांदेड ते लातूर या पट्ट्यात इंग्रजी भाषा आज जी काही धड उभी आहे ती माझ्या थोरल्या साडूंमुळे, आणि जिथे जिथे ती आडवी पडलेली दिसते तिथे बहुतेक माझा हात आहे. ते नायगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि मुलाकडे लातूरला राहायला गेले. माझं नांदेडला फ्लेक्स, बोर्ड आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. म्हणजे एकाच घरच्या दोन जावयांपैकी एकानं आयुष्यभर स्पेलिंगं दुरुस्त केली आणि दुसऱ्यानं ती मोठ्या अक्षरांत, चार रंगांत रस्त्यावर टांगली. सासुरवाडीला आमची ताटं शेजारी-शेजारी मांडली जायची तेव्हा मला परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं. नात्यात त्यांना कुणी दाजी म्हणत नाही की काका म्हणत नाही, सगळे 'सर' म्हणतात. मला ते स्वतः 'पाहुणे' म्हणतात.

चूक दाखवण्याची सरांची एक रीत होती, आणि ती रीत ते सोवळ्यासारखी पाळत. "स्पेलिंग म्हणजे सदऱ्याचं बटन हो पाहुणे," ते म्हणायचे. "सुटलेलं दिसलं तर सांगावंच लागतंय. पण जवळ जाऊन, कानात. चौकात उभं राहून वरडलं तर बटन तसंच राहतंय आन् त्या माणसाची इज्जत जाते." एकदा मी त्यांना स्टेशनवरून ऑटोनं घरी आणत होतो. वाटेत एका दूध डेअरीचा नवा कोरा बोर्ड दिसला आणि सरांनी ऑटो थांबवला. बोर्डावर 'डेअरी'तल्या ए आणि आयनं आपापल्या जागा बदलल्या होत्या, त्यामुळे इथे म्हशीच्या शुद्ध दुधाची रोजनिशी मिळेल असा त्याचा अर्थ होत होता. सर उतरले. लस्सी मागवली, स्वतः प्यायले, मला पाजली, ऑटोवाल्यालाही पाजली. गिऱ्हाईक पांगेपर्यंत थांबले आणि मग मालकाच्या कानाशी लागले. मालक म्हणाला, "सर, बोर्डाचं सोडा, दूध कसं हाय ते सांगा." सर म्हणाले, "दूध एक नंबर हाय. म्हणून तर बोलून राहिलो. पाणी घातलेलं असतं तर मी बोललोच नसतो." मालक खूश झाला आणि मग साहजिकच, हा बोर्ड कुठल्या गाढवानं केला ते पाहायला खालच्या कोपऱ्याकडे वाकला. त्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझ्या दुकानाचं नाव होतं. सर सावकाश पुढे सरकले आणि बरोबर त्या कोपऱ्यासमोर उभे राहिले. मी ग्लासात तोंड घालून तळाशी काय आहे ते पाहत होतो.

पुरुषांच्या दुकानांत हे जमून जायचं. पण लातूरला त्यांच्या घराजवळ एक ब्युटी पार्लर निघालं, आणि त्याच्या बोर्डावर देवदूताऐवजी भूमितीतला कोन आला. एंजलचा अँगल. ई आणि एलची अदलाबदल, दुसरं काही नाही. (हा बोर्ड माझा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. माझ्यासारखे आणखीही लोक आहेत.) आता बायकांच्या पार्लरमध्ये सर जाणार कसे? दोन-तीन दिवस ते समोरच्या फुटपाथवर घुटमळले. चौथ्या दिवशी पार्लरवाली बाई बाहेर येऊन त्यांच्याकडे रोखून बघायला लागली, तेव्हा घरी येऊन त्यांनी अक्कांपुढे हात टेकले. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी. डोक्यावरचा पदर कधी ढळू न दिलेली ती बाई नवऱ्याच्या एका स्पेलिंगपायी पार्लरात जाऊन बसली, साठीत पहिल्यांदा भुवया कोरून घेतल्या, आणि डोळ्यांतून पाणी काढत त्या बाईच्या कानात म्हणाली, "बाई गं, ते एल मागं घे." पुढे कितीतरी दिवस अक्का आरशासमोरून जाताना हळूच थांबायच्या. सरांना विचारलं तर म्हणत, "बोर्ड बी सुधरला आन् आमचं घर बी."

लातूरला त्यांना कामाचा तुटवडा कधी पडला नाही. गल्लोगल्ली क्लासेस, आणि क्लास आला की बोर्ड आला. सकाळी लोक फिरायला जातात ते पाय मोकळे करायला. सर जात ते वाचायला. एका क्लासच्या संचालकाच्या फोटोखाली 'प्रिन्सिपल' असं लिहिलं होतं, पण स्पेलिंग तत्त्वाचं. सरांनी त्याला चहाला नेलं आणि चहा संपल्यावर समजावून सांगितलं, की बाबा, हा शब्द मुख्याध्यापकाचा नव्हे, तत्त्वाचा आहे. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "मंग बरोबरच हाय की सर! तत्त्व तर हायच न आपल्याला." सर घरी येऊन अक्कांना हे सांगताना इतके हसले म्हणे, की त्यांना ठसका लागला. असे सगळे किस्से ते आधी अक्कांना सांगायचे. अक्कांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण कुठे हसायचं ते बरोबर कळायचं.

माझ्यासाठी मात्र सरांनी खास पद्धत ठेवली होती, ती म्हणजे फोन. माझ्या दुकानाचा स्वतःचा बोर्ड लागला तेव्हा मी त्याचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले. संध्याकाळी सरांचा फोन आला. "पाहुणे, तब्येत कशी हाय?" मी म्हटलं बरी आहे. "पाऊस हाय का तिकडं?" म्हटलं आहे. "जेवण झालं?" झालं. मग जरा थांबून, "एक बोलू का? राग न्हाई ना?" आणि मग कळलं, की 'स्टेशनरी' या शब्दात मी ई-च्या जागी ए घातलाय, आणि त्याचा अर्थ जागचं न हलणारं असा होतो. माझ्या धंद्याकडे पाहता ते अगदीच खोटं नव्हतं. पण तेव्हापासून कुणीही माझी तब्येत विचारली, की मी मनातल्या मनात शेवटचा छापलेला बोर्ड तपासू लागलो. एकदा दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "काय चुकलं?"

मागच्या वर्षी अक्का गेल्या. झोपेतच गेल्या. सर ग्रुपवर नेहमी इंग्रजीतच लिहीत, आम्हाला वळण लागावं म्हणून. ही बातमीही त्यांनी इंग्रजीतच दिली, 'ती शांतपणे गेली' अशी. त्यातल्या 'पीसफुली' या शब्दात त्यांनी शांततेच्या जागी तुकड्याचं स्पेलिंग लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. आयुष्यात मला पहिल्यांदा, कुणी न सांगता, एक चूक सापडली होती, आणि ती सरांची होती! लाजेची गोष्ट अशी, की त्या घडीलाही मला क्षणभर गुदगुल्या झाल्या. बायकोला दाखवलं तर डोळे पुसत ती म्हणाली, "खबरदार, एक अक्षर बोललात तर." ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. मीही घाईघाईनं इंग्रजीत एक ओळ लिहिली, कारण दुःख इंग्रजीत जरा भारदस्त दिसतं. मग लातूरला जाऊन आलो.

त्यानंतर त्यांचे फोन बंद झाले. मी नेहमीप्रमाणे चुका करत होतो, त्यांचे फोटो ग्रुपवर टाकत होतो, पण माझी तब्येत विचारायला कुणी नव्हतं. सुरुवातीला सुटल्यासारखं वाटलं. मग करमेनासं झालं. चूक करून ती कुणी बघतच नसेल तर माणसानं करायची तरी कुणासाठी? शेवटी एका दुपारी दुकानातून मीच फोन लावला.

"सर, तब्येत कशी आहे?"

पलीकडून बारीक आवाजात, "काय चुकलं माझं?"

"काही नाही सर. सहजच."

"सहज कोण विचारतंय पाहुणे? ते पीस चुकलंय. दुसऱ्याच दिवशी दिसलं मला. म्हटलं, येईल कुणाचा तरी फोन. एवढी पोरं शिकवली, एवढे पाहुणे-रावळे. सगळ्यांनी हात जोडले, पण कानात सांगायला एकबी आला न्हाई. म्हणजे कुणी वाचलंच न्हाई का काय, असं वाटून राहिलं मला."

आम्ही सगळे सभ्यपणा पाळत बसलो होतो आणि तो माणूस तिकडे बटन सुटलेला सदरा घालून वाट बघत होता. मी खुर्ची ओढून बसलो आणि रीतसर सुरुवात केली.

"पाऊस आहे का लातूरला?"

"न्हाई अजून."

"जेवण झालं?"

"झालं."

"एक बोलू का सर? राग नाही ना?"

"बोला."

"पीसमध्ये आधी ई, मग ए."

"हाव," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज मोकळा झाला. "बरं झालं सांगितलं. आता तुमचं. राग न्हाई ना?"

"बोला सर."

"देव तुम्हाला हे दुःख सोसायची ताकद देवो, असं लिहायचं होतं न तुम्हाला? सोसणं म्हणजे बेअर. तुम्ही डबल ई लिहिला. देवाकडं माझ्यासाठी बिअर मागितली तुम्ही."

मी कपाळाला हात लावला.

"घरात सगळे रडून राहिले होते," सर सांगत होते, "आन् मला हसू आलं पाहुणे. लई हसू आलं. मोबाईल घेऊन उठलो, म्हटलं हिला दाखवावं. पार सैपाकघरापर्यंत गेलो."

मी फोन कानाला धरूनच उठलो आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. मग त्यांनी विचारलं, "बाकी, तब्येत कशी हाय तुमची?"

या खेपेला ते खरंच तब्येतच विचारत होते, आणि मला काही केल्या ती सांगता येईना.