विलायती लाकडातला खिळा

आरामशीनचं पातं तुटलं की बार उडाल्यासारखा आवाज होतो. त्या दुपारी तो आवाज झाला तेव्हा मी ऑफिसात बंदराच्या कागदांच्या झेरॉक्सवर ‘सत्य प्रत’ असा शिक्का मारत बसले होते. धावत बाहेर आले. कोणाला लागलं नव्हतं. मिस्त्री अर्धवट चिरलेल्या ओंडक्यावर वाकून छिन्नीनं काहीतरी उकरत होते आणि हसत होते.

“या बाई, मजा पाहा. विलायती झाडाले देशी खिळा!”

त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. वीतभर लांब, चौकोनी, लोहाराच्या हातचा. एका अंगाला पात्यानं घासून चकाकी आलेली. डोक्याशी दोन खाचा होत्या. मी अंगठ्यानं त्या चाचपून पाहिल्या. न पाहताही मोजता आल्या असत्या.

आमचं गाव वैनगंगेच्या काठावर, चामोर्शीच्या पुढं. घरात पिढ्यानपिढ्या मासेमारी. मासेमारीला डोंगा लागतो, आणि डोंगा सावरीच्या एकाच खोडातून कोरून काढतात. लाकूड हलकं, मऊ, पांढरं. अशी जाड सरळ सावर सहज मिळत नाही, म्हणून आमच्याकडे पुढच्या डोंग्याचं झाड आधीच धरून ठेवतात. जुन्या डोंग्याच्या तोंडाशी दोर बांधायचा जो खिळा असतो, तो काढून त्या झाडात ठोकायचा. खिळा दिसला की दुसरा कोणी त्या झाडाला हात लावत नाही. झाड पाडताना पहिल्यांदा खिळा काढतात आणि तो नव्या डोंग्याला जातो. प्रत्येक डोंग्यामागं खिळ्यावर एक खाच. पहिली आजोबांच्या डोंग्याची, दुसरी बाबांच्या. मी दहावीत होते तेव्हा बाबांनी तो खिळा पलीकडच्या काठावरच्या सावरीत ठोकला होता आणि मी डोंग्यात बसून तो पाहिला होता. पुढं सालीनं तो गिळून टाकला. पण झाड कोणाचं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. बाबांचा जुना डोंगा आता पत्र्याच्या ठिगळांवर आणि डांबरावर तगून होता. यंदा दिवाळीनंतर ती सावर पाडायची ठरलं होतं.

तो खिळा चंद्रपूर-बल्लारपूर रस्त्यावरच्या आमच्या आरामशीनवर, समुद्रापलीकडून आलेल्या पाइनच्या ओंडक्यात निघाला.

इथं मला त्या माणसाबद्दल सांगितलं पाहिजे, आणि जे खरं आहे तेच. आरामशीनच्या मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. बी.कॉम. झाल्यावर मी सात ठिकाणी अर्ज केले होते. एकांनी तर विचारलं, “मासोळ्या सोडून इकडे काऊन आली?” भाऊंनी असलं काही विचारलं नाही. खुर्ची दिली, टेबल दिलं, आणि सहा महिने शेजारी बसवून कागद वाचायला शिकवलं. माझ्या राहण्याची सोय त्यांच्याच घरामागच्या खोलीत झाली. वहिनी सकाळी डबा भरताना माझाही भरायच्या.

त्या कागदांनी मला वेड लावलं होतं. तिकडच्या देशातलं लागवडीचं झाड. त्यात कीड नाही असा तिथल्या सरकारचा दाखला. कीड मारायला औषधाची धुरी दिल्याचा दाखला. मग इकडच्या बंदरावर भरलेला कर. गोल लाकडाला कर कमी, चिरलेल्याला जास्त. मी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले होते, “म्हणून तर आपण गोल आणतो बाई. चिरायचं काम आपल्या पोरांले भेटते.” मला ते फार आवडलं होतं. एका नियमामुळं इतक्या दूरच्या लाकडावर आमच्या मिस्त्रींचं घर चालतं, आणि तो नियम मला समजतो, याचा मला अभिमान वाटायचा. हे सगळे कागद जोडले की आंध्रच्या बंदरातून निघालेली गाडी सिरोंचा, आष्टी करत आमच्यापर्यंत बिनचौकशी यायची. गाडीसोबत मूळ कागद नसत, प्रती असत. त्यांवर सही माझी. आमच्या घरात सही करणारी मी पहिली. बाबांना अक्षर येत नाही, पण माझी सही ते ओळखतात. बँकेच्या फॉर्मवर, ग्रामसभेच्या अर्जावर त्यांच्या अंगठ्याशेजारी ती असायची. “हे पाह्य, हे माह्या बाईचं,” असं ते सगळ्यांना दाखवायचे.

भाऊ एकदा आमच्या गावी जेवायलाही आले होते. बाबांनी त्यांना डोंग्यातून फिरवून आणलं. मीच पलीकडं बोट दाखवून म्हटलं होतं, “भाऊ, ते आमचं सावरीचं झाड. आतून तुमच्या पाइनसारखंच पांढरं.” पाहुण्याला आपल्याकडचं काहीतरी चांगलं दाखवावं, एवढंच मनात होतं.

मग धुरीची भानगड झाली. आपल्याकडे जे औषध मागतात, ते तिकडं वापरायला बंदी आली. औषध नाही तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर माल बंदरावर अडकतो. भाऊ दिवसभर फोनवर असायचे. “हे म्हणतात धुरी द्या, ते म्हणतात देऊ नका. मी काय धूपदान घेऊन जहाजावर बसू?” आम्ही हसायचो. पण कारखान्यांना यंत्रं पाठवायला आमच्या लाकडाच्या पेट्या लागतातच. ते थांबत नाहीत.

एके दिवशी भाऊ म्हणाले, जुन्या खेपेतला काही माल बंदराच्या गोदामात शिल्लक आहे, त्याच्या प्रतींचे थोडे संच करून ठेव. “गाडी कवा निघन काही भरोसा नाई. तारीख रिकामी ठेव.” मी ठेवली. प्रत्येक पानावर शिक्का, प्रत्येक पानावर सही.

गाड्या येत राहिल्या. ओंडके साल काढलेले, टोकांना लाल रंग, अगदी बंदरातून आलेल्या मालासारखे. मी पाहायचे ते टोकांवरचे आकडे आणि कागदावरचे आकडे. ते जुळायचे. एकदा सुटीला गावी गेले तेव्हा आईनं माझे कपडे धुवायला घेतले आणि म्हणाली, “तुह्या कपड्याले पहिले धुपावानी वास ये. आता येत नाई व.” पाइनच्या राळेचा तो वास. मी म्हटलं, साबण बदलला असेल. सावर कोरणाऱ्याच्या घरात जन्मून मी चार महिने सावरीच्या भुशातून चालत ऑफिसात जात होते, आणि मला कळलं नाही. कागद वाचता यायला लागल्यापासून मी लाकूड पाहणं सोडलं होतं.

खिळा मुठीत धरून मी भाऊंच्या समोर गेले.

“हे आमच्या झाडातलं आहे, भाऊ.”

त्यांनी खिळा पाहिला. नाकारलं नाही. “बस,” म्हणाले. “पाणी पे.”

“ते झाड मी तुम्हाला दाखवलं होतं.”

“तूच दाखवलं, हो. एकटं तेच नाई, नदीकाठची पंचवीस झाडं असतीन. ठेकेदार म्हणे पुरात पडलेली हायेत. मी थोडी पाहाले गेलो?” मग आवाज खाली आला. “जहाज अडलं त्यात माहा काय गुन्हा? कर भरला न आपण? कागद खरे हायेत न?”

“कागद खरे आहेत. पण ते या लाकडाचे नाहीत.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“सांभाळून बोल, बाई. गाड्या तुह्या सहीनं आल्या. माही सही कुठीच नाई.”

तेव्हा मला ते सहा महिने आठवले. शेजारी बसवून शिकवलेलं एकेक पान. त्यांनी मला तेव्हाच यासाठी तयार केलं होतं की गरज पडली तेव्हा मी हाताशी होते, हे मला आजही ठरवता येत नाही. मागून वहिनींनी हाक मारली, चहा झाला म्हणून. मी खोलीतून पिशवी घेतली आणि बसस्टँडवर आले.

बाबा अंगणात जाळं विणत होते. मी त्यांच्यासमोर खिळा ठेवला. त्यांनी तो उचलला नाही.

“माहीत हाय,” ते म्हणाले. “झाड गेलं ते माहीत हाय मले. बुंधा पाहून आलो न दुसऱ्या दिवशी.”

“मग मला सांगितलं काऊन नाही?”

त्यांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली. मग त्यांनी सांगितलं. आमच्या गावात जंगलाची राखण पाळीनं असते. झाड गेलं त्या संध्याकाळी पलीकडच्या काठावरच्या फाट्यावर बाबांची पाळी होती. ताडपत्री टाकलेला ट्रक आला, पोरांनी अडवला. ड्रायव्हर म्हणाला बंदराचा माल आहे, आणि कागद पुढं केला. पोरं ताडपत्री काढायला निघाली होती.

“मी कागद पाह्यला. तुही सही होती. मी म्हणलं, सोडा रे गाडी. माह्या बाईनं पाह्यलं असन.”

मी खिळा परत उचलून घेतला.

“मंग सकाळी बुंधा दिसला. पोरं म्हणाले, गाडी तुमीच सोडली. मी म्हणलं, हो. मले वाटलं, तुले लागलं असन लाकूड. शहरात राह्यते, काही लागलं असन.”

“बाबा, मला माहीत नव्हतं.”

“सही होती न पण.”

एवढंच. आवाज चढवला नाही. आईनं ताट वाढलं, आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी वनखात्याच्या कार्यालयात गेले. कोणते संच केले, तारीख कोणाच्या सांगण्यावरून रिकामी ठेवली, सगळं लिहून दिलं. साहेबांनी दोनदा विचारलं, “तुमचंही नाव येईल यात. कळतं ना?” मी हो म्हटलं. पुरावा म्हणून त्यांनी खिळा ठेवून घेतला. कापडी पिशवीत घालून वर लाखेचं सील केलं, आणि मला पावती दिली. त्या पावतीवरही सही करावी लागली.

आरामशीन आता बंद आहे. मिस्त्री ऊर्जानगरच्या वीजकेंद्रावर एका ठेकेदाराकडे लागले, रस्त्यात भेटले तर मान वळवतात. माझी चौकशी सुरू आहे. ग्रामसभेत आलेला कागद पूर्वी माझ्याकडे वाचायला द्यायचे, आता शाळेतल्या गुरुजींकडे नेतात. मी त्यांना दोष देत नाही.

गावाच्या वाट्याच्या जंगलात बाबांनी दुसरी सावर हेरून ठेवली आहे. अजून बारीक आहे. ग्रामसभेनं धरायला परवानगी दिली. पण धरायची कशी? लोहार नवा खिळा करून देतो म्हणाला, तर बाबा म्हणाले, त्याच्यावर खाचा कुठून आणशील. तोपर्यंत ते चुलत्याच्या डोंग्यात अर्ध्या वाट्यानं जातात.

मी कार्यालयात तारखेला जाऊन आले की ते पायरीवर बसलेले असतात. केस कुठवर आली, भाऊंचं काय झालं, माझं काय होणार, यातलं ते काही विचारत नाहीत. एकच विचारतात.

“खिळा कवा देतीन?”

मी पावती काढून वाचते. त्यावर जमा केल्याची तारीख आहे. परत देण्याची जागा रिकामी आहे.