हाताने भरलेल्या कॉइल

"थांबा भाऊ, ऐकू द्या."

कोणतीही वस्तू हातात आली की वहिनी आधी ती उजव्या कानाशी धरायच्या. टेबलफॅनची मोटर असो, बंद पडलेलं घड्याळ असो, नाहीतर बाजारातून आणलेलं कलिंगड. डोळे बारीक करून ऐकायच्या आणि वस्तू खाली ठेवून निकाल द्यायच्या. निकाल सहसा बरोबर निघायचा.

वारूळवाडीत रस्त्याला लागून त्यांच्या नवऱ्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की आमच्या भागातले लोक तिथे आणतात. पाटीवर नाव नवऱ्याचं, पण आतली तांब्याची तार भरायचं काम वहिनींचं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नवरा मोटर उघडायचा, जोडायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलायचा.

मी जुन्नरचा. पुण्यातल्या एका कंपनीत काम करतो. तुम्ही मोबाइलने फोटो काढता तेव्हा चित्र आधी धूसर असतं आणि क्षणात स्वच्छ होतं, बघा. त्या क्षणात आतलं भिंग केसभर सरकलेलं असतं. ते सरकवणारी मोटर शर्टाच्या बटणाएवढी असते. भिंगाभोवती तारेची कॉइल, तिच्याभोवती चुंबक आणि भिंगाला वरून-खालून धरणाऱ्या स्प्रिंगच्या दोन पातळ पट्ट्या. कॉइलमधून वीज वाहिली की भिंग उचललं जातं, वीज थांबली की पट्ट्या त्याला जागेवर आणतात. अशा मोटरी डिझाइन करणं हे माझं काम.

घरून काम करायचे दिवस आले तसा मी जुन्नरला परतलो. नमुन्याच्या कॉइल परदेशातून यायला महिना महिना लागत होता. कुणीतरी वहिनींचं नाव सुचवलं. मी एक नमुना घेऊन वारूळवाडीला गेलो. वहिनींनी तो तळहातावर घेतला आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"एवढीशी मोटर? हिनं कुणाच्या हिरीचं पाणी उपसायचं? हिचा एचपी किती, भाऊ?"

पण आठ दिवसांत त्यांनी शिवणयंत्राला एक बारीक दांडा बसवून घेतला आणि चाक फिरवून त्या दांड्यावर केसापेक्षा पातळ तार गुंडाळायला लागल्या. पहिल्या वीस कॉइल तुटल्या. एकविसावी मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली तेव्हा फेरे एकमेकांना इतके लगटून बसले होते की मी पुन्हा मोजले.

त्या तारेला धूळ चालत नसे, शिंक चालत नसे. फोडणीचा ठसका तर मुळीच नाही. कॉइल भरायचे दिवस आले की घरात चूल उशिरा पेटायची आणि भाजी उकडलेली असायची. "तुमच्या मोटरीपायी आमी आळणी खातोय, राव," नवरा तक्रार करायचा, आणि तोच येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून बायकोच्या हातची मोटर दाखवायचा.

पुढे वहिनी जोडलेली मोटरही ऐकायला लागल्या. वीज सोडून कानाशी धरायच्या. उभी, आडवी, पालथी.

त्या वर्षी एका गिऱ्हाइकाला वीज कमी खाणारी मोटर हवी होती. मी पट्ट्या आणखी बारीक केल्या. पट्टी जितकी नाजूक तितका भिंग उचलायला जोर कमी लागतो. कागदावर सगळं छान जमलं होतं. नमुने पाठवायच्या आदल्या दिवशी वहिनींनी एक मोटर कानाशी आडवी धरली आणि तशीच धरून राहिल्या.

"भाऊ, घासतंय."

"काय घासतंय?"

"भिंग. उभं असलं की गप ऱ्हातंय. आडवं केलं की टेकतंय कुठंतरी. तुमची पट्टी लई नाजूक झाली. तिला वजन पेलत न्हाई."

मला उशीर झाला होता. शिवाय, खरं सांगतो, माझ्या पट्टीबद्दल कुणी बोललेलं मला रुचलं नव्हतं. "पुण्याला मशीनवर तपासतो," असं म्हणून मी डबा बंद केला. मशीनवर मी ती उभीच तपासली.

तीन आठवड्यांनी नमुने परत आले. फोन आडवा धरला की भिंग अडकत होतं. बैठकीत वरिष्ठांनी विचारलं, दोष कशात आहे? उत्तर मला माहीत होतं. मी एवढंच म्हणालो, "कॉइल हाताने भरलेल्या आहेत."

यात एक शब्दही खोटा नव्हता. पुढचं काम इतरांनी केलं. कुणी म्हणालं, हातात सारखेपणा कसा येणार? कुणी म्हणालं, कॉइल एका बाजूला जड झाली असेल. मी मान डोलवत राहिलो. यापुढे कॉइल बाहेरूनच मागवायच्या असं ठरलं.

वहिनींना सांगायला मीच गेलो. त्या ओट्यावर बसून पंपाची जळकी तार उकलत होत्या.

"किती फेरे चुकले?" त्यांनी विचारलं.

"फेरे नाही. एका बाजूला जरा जास्त झालंय, असं म्हणतात."

"दावा बरं मला."

"पुण्याला आहेत," मी म्हणालो. त्या माझ्या पिशवीतच होत्या.

वहिनी आपल्या बोटांकडे बघत बसल्या. "घासतंय ते मला ऐकू आलं व्हतं. पण मला वाटलं पट्टीच हाय. माझ्याच हाताचं असंल, हे डोक्यात आलं न्हाई. तुमचं नाव खराब झालं ना, भाऊ?"

मी चहा घेतला. त्यांनी केलेला चहा मी पुरता प्यायलो आणि निघालो.

वर्षाच्या आत मी पट्टी रुंद केली. घाईत बाहेरच्या कॉइल मिळेनात, म्हणून वहिनींच्याच उरलेल्या कॉइल वापरल्या. मोटर आडवी, पालथी, कशीही धरली तरी चालली. अहवालात मी "सुधारित पट्टी" असं लिहिलं. माझं कौतुक झालं, बढती झाली. जुनी पट्टी चुकलेली होती, हे कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर धीर करून वारूळवाडीला गेलो. दुकानात नवरा एकटाच होता.

"तिनं तार सोडली," तो म्हणाला. "पंपाची पण भरत न्हाई. म्हणती, माझ्या हाताला खोट हाय, लोकांच्या मोटरी कशाला जाळू? भात कापायला म्हायेराला गेलीय."

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने पान्हा पुसून खाली ठेवला. मग म्हणाला, "हे मला नका सांगू. तिला सांगा."

वहिनींचं माहेर भीमाशंकरच्या पायथ्याच्या एका गावात आहे. घोडेगावहून एसटीने गेलो. त्या खाचरात भावजयांबरोबर भात कापत होत्या. मला बघून बांधावर आल्या, विळा हातात तसाच धरून उभ्या राहिल्या. मी आडपडदा न ठेवता सांगितलं: दोष पट्टीचा होता, मला तेव्हाच माहीत होतं, कॉइल माझ्या पिशवीत होत्या.



"मंग पट्टी रुंद केली का?"

"केली."

"चालती का आता?"

"तुमच्याच कॉइलवर चालली."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते मनगटाने पुसले. "तुमच्या सायबाला सांगितलं का हे?"

मी नाही म्हणालो.

"मंग मला एकटीला सांगून काय व्हणार, भाऊ?" आवाजात राग नव्हता. त्या वळल्या आणि खाचरात उतरल्या.

घोडेगावच्या स्टँडवर बसून मी वरिष्ठांना मेल लिहिली. पट्टी, बैठक, पिशवी, सगळं. पाठवली आणि वहिनींच्या नवऱ्याला फोन केला. पुण्याहून दोन ओळींचं उत्तर आलं: विषय आता बंद झाला आहे, पुढे काळजी घ्यावी. मी वहिनींना पुन्हा काम द्यायला दोनदा माणूस पाठवला, एकदा स्वतः गेलो. त्यांनी ते घेतलं नाही.

मेल पाठवली त्या संध्याकाळी मात्र नवऱ्याचा परत फोन आला होता.

"सांगितलं तिला फोनवर. मेल पाठवली म्हणून."

"काय म्हणाल्या?"

"काय न्हाई. बरं म्हणली. अन् भाकरी थापायचीय म्हणून फोन ठिवला."