मुक्कामी गाडी

हायड्रोजनवर चालणारी आमची चाचणीची बस साताऱ्यात लोकांना दाखवायला उभी केली होती. सगळे आत बसून सेल्फी काढण्यात दंग. एक धनगर म्हातारा मात्र बसच्या मागं उकिडवा बसला होता. लाल पटका, खांद्यावर घोंगडं. धुराच्या नळीतून पाणी ठिबकत होतं आणि त्याखाली यानं आपला पितळी तांब्या लावलेला!

"आजोबा, हिला धूर नाही, नुसतं पाणी येतं," मी ऐटीत सांगितलं.

"दिसतंय की," म्हणत त्यानं ओलं बोट डोळ्यांना लावलं. "आमच्या माण तालुक्यात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. त्यो धूर सोडत येतो, आन् निम्मं पाणी वाटंतच सांडतो."

मग तांब्या उचलून त्यात डोकावला. "आमच्या गावाला रातच्याला मुक्कामी एसटी येती. तिच्या जागी ही लावा."

वेग, खर्च, सुरक्षितता, सगळ्याची उत्तरं मी पाठ करून आलो होतो. यावर नुसतं "वर कळवतो" म्हणालो.

तांब्यावर तळहात झाकून तो जपून चालू लागला. चार पावलांवर थांबून वळला.

"आन् डायव्हरला सांगा, झोपताना इंजान बंद करू नगंस म्हणावं."